बहात्तराव्या हिश्शाचं विमान

खोकं आत्ताच उघडायचं की पाहुणी आल्यावर, यावरून सकाळपासून घरात दोन तट पडले होते. थोरल्याचं म्हणणं, पाहुणीसमोर उघडू, म्हणजे शोभून दिसेल. धाकट्याचं म्हणणं, आत पंख मोडलेला निघाला तर पाहुणीसमोर काय डोंबल शोभणार? वहिनीला जेवणाचं टेबल मोकळं करून हवं होतं, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. आई खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसून म्हणाली, "मला विचाराल तर उघडूच नका." पण गेल्या काही वर्षांत आईने हे वाक्य इतक्या गोष्टींबद्दल म्हटलं होतं की कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

शेवटी धाकट्याने खिशातली किल्ली काढली आणि चिकटपट्टीत खुपसली. माणूस छप्पन्न वर्षांचा, बसगाड्या रंगवायचा कारखाना चालवतो, हाताखाली आठ जण आहेत. पण खोकं दिसलं की त्याच्या अंगात येतं.

"अरे, हळू!" थोरला ओरडला. "जगात पाचशेच नग आहेत."

"आणि त्यातले चार तूच मागवलेस, दादा. एखादं गचकलं तर गचकलं."

थोरल्याने खरंच चार मागवली होती. तिघा भावंडांना एकेक, आणि चौथं त्याच्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवायला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ती खोली त्याच्या बोलण्यात अजून त्याचीच होती.

विमान बाहेर आलं. वीतभर लांब, धातूचं, हातात घेतल्यावर जड लागणारं, आणि सगळं निळं. पंख, शेपूट, पोट, जिकडे बघावं तिकडे तोच धुरकट निळा.

"याला बंदुका कुठंयत?" वहिनीने विचारलं.

झालं. थोरल्याचा वर्गातला आवाज लागला. "बंदुका नसतात याला. वजन कमी ठेवायचं, पेट्रोल जास्त भरायचं आणि इतकं उंच जायचं की खालच्याला दिसायलाच नको. म्हणून हा रंग. आत एकटा वैमानिक, पोटात दोन कॅमेरे. शत्रूच्या डोक्यावर जायचं, फोटो काढायचे आणि गुपचूप घरी यायचं. सापडलात तर पळण्याशिवाय काही हातात नाही. यालाच धैर्य लागतं."

"अहो, मी फक्त बंदुका विचारल्या," वहिनी म्हणाली.

मधल्या बहिणीने विमान आपल्याकडे ओढलं. तिचं काम कवळ्या बनवायचं, त्यामुळे बारीक नजर आणि पर्समधलं भिंग दोन्ही कायम जवळ. करणाऱ्याने झकास केलं होतं, यात शंका नव्हती. धुराड्यांमागचे काजळीचे ओघळसुद्धा दिसत होते. तिने ते उलटं केलं. पोटाला दोन गोल काचा होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. तिथे तिची नजर जरा जास्त रेंगाळली. मग तिने ते सरळ केलं आणि वैमानिकाच्या जागेखाली काहीतरी पांढरं दिसलं म्हणून भिंग लावलं. तिथे अप्पांचं, त्यांच्या गेलेल्या वडिलांचं, नाव होतं. आडनावासकट, आणि नावाआधी 'वैमानिक'.

खोक्यात एक गुळगुळीत पत्रकही होतं. ते तिने उभ्यानेच वाचलं. नऊ मार्चला अप्पांनी म्हणे हेच विमान एकट्याने उडवत नेलं, नदीवरच्या पुलाचे स्वच्छ फोटो काढले आणि टाकीत थेंबभर पेट्रोल उरलेलं असताना ते तळावर उतरले.

"दादा," ती म्हणाली, "जरा आत ये."

"पाहुणी येईल आता."

"म्हणूनच ये."

स्वयंपाकघरात तिने पत्रक ओट्यावर आपटलं. "हे काय लिहिलंयस?"

"मी कुठे लिहिलंय? कंपनीने छापलंय."

"कंपनीला काय स्वप्न पडलं? अप्पा विमान उडवत नव्हते, दादा. ते फिटर होते. कॅमेरे बसवायचे आणि काचा पुसायचे."

थोरल्याने आधी वळून दार लोटलं. त्यावरूनच तिला कळलं. त्याला हे माहीत नसतं तर तो ओरडला असता, आणि त्याचं ओरडणं रस्त्यापर्यंत गेलं असतं.

"तुला कधीपासून माहितीये?" त्याने हळूच विचारलं.

"सोळाव्या वर्षापासून. मी आणि अप्पा बाहेरच्या टेबलावर याच विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल जोडत होतो. माझ्याकडून काचेला गोंद लागला. अप्पांनी ते हातातून घेतलं आणि अर्धा तास कापसाने पुसत बसले. म्हणाले, मी हेच करायचो, उडवायचो नाही. मग हात धुवायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. तुला कधी कळलं?"

"विसाव्या वर्षी. नोकरीच्या अर्जाला त्यांचे कागद जोडायचे होते. त्यात हुद्दा लिहिलेला होता."

दार ढकलून धाकटा पाणी प्यायला आत आला. दोघांचे चेहरे बघून त्याने ग्लास खाली ठेवला. "काय, अप्पांच्या फिटरगिरीचं चाललंय का?"

"तुला पण माहितीये?"

"दहावीत होतो तेव्हापासून. मला तळावरच्या जुन्या लोकांच्या मेळाव्याला घेऊन गेले होते ना? तिथे सगळे त्यांना 'काचवाला' म्हणत होते. काय काचवाला, कसं काय काचवाला! मला काय कळायचं राहिलं मग?"

"आणि तू बोलला नाहीस?"

"दादाला वाईट वाटेल म्हणून."

वहिनी कपबशा न्यायला आली होती. ती कपाटात डोकं घालूनच म्हणाली, "मला तर लग्न ठरतानाच कळलं होतं. माझ्या वडिलांनी चौकशी केली होती. चौकशी न करता पोरगी देणारे होते का ते?"

"मग मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?" थोरला म्हणाला.

"तुम्ही इतक्या रंगात येऊन सांगायचात. म्हटलं, असू दे, माणसाला काहीतरी आवड असावी."

धाकट्याला हसू फुटलं, मग मधलीलाही. चाळीस वर्षं ही चार माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसली होती, तीही एकमेकांची काळजी म्हणून. हसू मात्र लगेच ओसरलं, कारण थोरला हसत नव्हता. तो ओट्याला टेकून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

त्याला गावातल्या शाळेतली दुसरीची बाकं आठवत होती. बाईंनी विचारलं होतं, कुणाचे वडील काय करतात. घरातल्या भिंतीवर अप्पांचा विमानाशेजारी उभा असलेला फोटो होता, अंगात वैमानिकाचं चामडी जॅकेट. तो उठून म्हणाला, माझे बाबा विमान उडवतात. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. शाळा सुटल्यावर बाईंनी फाटकात अप्पांचं कौतुक केलं, तेव्हा अप्पा आपल्या बुटांकडे बघत राहिले. त्याला वाटलं, आपले वडील किती साधे आहेत. पुढे विसाव्या वर्षी कागदावरचा हुद्दा वाचला तेव्हा आपण खोटं बोललो याची लाज त्याला वाटलीच नाही. लाज वाटली ती अप्पांची. काचा पुसणारा बाप. हे त्याने कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि आत्ता या तिघांसमोर सांगायची त्याची छाती नव्हती.

"ही नऊ मार्च कुठून काढलीस?" मधलीने विचारलं.

"त्यांच्या वहीतून. कंपनीने तारीख मागितली होती. अख्ख्या वहीत एकच तारीख होती, खाली लाल पेन्सिलने दोन रेघा ओढलेल्या. मला वाटलं, मोठा दिवस असणार. कुणीतरी पुलाचे फोटो काढून आणले असतील, आणि अप्पांनी कॅमेरा बसवला असेल. मी फक्त..."

"तू फक्त त्यांना उचलून आत बसवलंस."

"हे बघ ताई," धाकटा मध्ये पडला, "झालं ते झालं. पाहुणी येणार, चहा पिणार, विमानाचा फोटो काढणार आणि जाणार. आज कशाला उकरून काढायचं?"

"मलाही तसंच वाटतं," वहिनी म्हणाली. "आईंसमोर तमाशा नको."

"पाचशे लोकांच्या कपाटात हे नाव जाऊन बसणार आहे," मधली म्हणाली. "आज ती बाई तोंडावर विचारेल आणि तू तोंडावर खोटं बोलशील, दादा. आत्तापर्यंत पोरांसमोर बोललास ते वेगळं."

"मी कंपनीला कळवतो ना. उद्याच कळवतो."

"आज तिला सांग."

तिघं एका बाजूला आणि मधली एका बाजूला. असे तट या घरात नेहमीच पडायचे, फक्त एरवी थोरला आणि धाकटा एका बाजूला नसायचे. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

पाहुणी थोरल्याच्याच वयाची निघाली, त्रेसष्टची. निवृत्त नर्स. पायात पांढरे सपाट बूट, खांद्याला मोठी पिशवी. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाणी मागितलं आणि ते एका दमात प्यायली. कंपनीमार्फत पाठवलेल्या पत्रात तिने एवढंच लिहिलं होतं की नऊ मार्चच्या उड्डाणाबद्दल बोलायचं आहे. थोरल्याने घरात सांगितलं होतं, असेल कुणीतरी हौशी.

"हेच का ते?" तिने विमानाकडे बघत विचारलं. "केवढंसं आहे."

"बहात्तरावा हिस्सा," थोरला म्हणाला. "प्रत्येक माप बहात्तरने भागायचं."

"हातात घेतलं तर चालेल?"

"घ्या ना, अवश्य घ्या."

तिने ते हातात घेतलं नाही. नुसतं एक बोट पंखाच्या टोकाला लावलं आणि मागे घेतलं. "माझे वडील याच तळावर होते," ती म्हणाली. "वैमानिक. मी त्यांना बघितलेलं नाही. ते गेले तेव्हा आईला सातवा महिना होता."

वहिनीच्या हातातला चहाचा ट्रे जागच्या जागी थांबला.

"नऊ मार्चला ते गेले होते, पुलाचे फोटो काढायला. परत आले तेव्हा फिल्म कोरी निघाली. अख्खी कोरी, एकही फोटो नाही. वडील म्हणाले, मी पुलावर गेलो होतो, बटण दाबलं होतं. लोकांनी कॅमेरे तपासले, तर ते ठणठणीत चालत होते. मग सगळे म्हणाले, हा गेलाच नाही. घाबरला, अर्ध्या वाटेत कुठेतरी चकरा मारल्या आणि परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा पाठवलं. ते परत आले नाहीत."

धाकटा आपल्या नखातला रंग बघत होता.

"मला सगळ्यांनी लहानपणापासून पळपुट्याची पोरगी म्हटलंय. तोंडावर नाही, पण ऐकू येतंच ना. आईने तर आयुष्य त्यातच काढलं." तिने पिशवीतून एक कागद काढला. तेच गुळगुळीत पत्रक, चार घड्या घातलेलं. "माझ्या दिराला अशी विमानं जमवायचा नाद आहे. गेल्या महिन्यात त्याने हे सगळ्यांसमोर माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, बघ वहिनी, त्याच दिवशी, त्याच तळावरून, तोच पूल. दुसरा माणूस जाऊन फोटो घेऊन आला. तुझ्या वडिलांनाच तेवढं जमलं नाही."

थोरल्याने पत्रकाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मी भांडायला नाही आले हो," पाहुणी घाईघाईने म्हणाली. "तुमच्या वडिलांचा मला आदरच आहे. मी म्हटलं, ते त्या दिवशी पुलावर गेले होते, तर त्यांनी माझ्या वडिलांचं विमान तिथे बघितलं असेल. कधी बोलले असतील, कुठे दोन ओळी लिहिल्या असतील. एक निळं विमान दिसलं, एवढं जरी असेल तरी मला पुरे. तेवढं दिराला दाखवेन आणि गप्प बसेन."

आता घरातले तट क्षणात बदलले. वहिनीने ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, सांगा." आणि जो धाकटा दहा मिनिटांपूर्वी उकरू नका म्हणत होता, तो मान वर न करताच म्हणाला, "सांग, दादा. आता नाही राहवत." मधलीला आता भावाची दया येत होती.

थोरला उठून उभा राहिला. चौतीस वर्षं वर्गासमोर उभं राहण्याची सवय होती, पण हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना.

"माझ्या वडिलांनी कधी विमान उडवलं नाही," तो म्हणाला. "ते फिटर होते. हे पत्रकात आहे ते सगळं मी रचलंय. त्या पुलावर ते कधीच गेले नव्हते."

पाहुणी त्याच्याकडे बघत राहिली. "रचलंय? कशासाठी?"

"मला..." त्याने खुर्चीची पाठ धरली. "मला त्यांची लाज वाटायची. फिटर असण्याची."

बोलून गेला एकदाचा. वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं जसं काही लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होती.

"म्हणजे त्या दिवशी दुसरं कुणी गेलंच नव्हतं," पाहुणी सावकाश म्हणाली. ती नर्स होती, रडणाऱ्या माणसांपुढे डोकं शांत ठेवायची तिला सवय होती. "माझे वडील एकटेच गेले होते. मग ही तारीख तुम्हाला कुठे मिळाली?"

"त्यांच्या वहीत. खाली दोन रेघा होत्या."

"फिटरने माझ्या वडिलांच्या उड्डाणाखाली दोन रेघा का ओढल्या?"

"मला खरंच माहीत नाही."

"मला माहितीये," खिडकीपाशी बसलेली आई म्हणाली.

सगळे वळले. पहिल्यापासून ती तिथेच बसलेली होती, आणि नेहमीसारखंच सगळे तिला विसरले होते. कान मात्र तिचे शाबूत होते. स्वयंपाकघरातलं बोलणंसुद्धा तिने ऐकलं होतं, दार लोटून घेतलेलं असताना. मनात म्हणाली होती, एवढंच कळलंय होय तुम्हाला.

"आई, तू राहू दे," मधली म्हणाली.

"त्रेसष्ट वर्षं राहूच दिलंय. इकडे ये गं, बाई. माझ्यासमोर बस. मला लांबचं दिसत नाही."

पाहुणीने खुर्ची तिच्यासमोर ओढली. आईने तिचा चेहरा जवळून बघितला आणि बोलायला सुरुवात केली. घोकून ठेवल्यासारखं बोलत होती. मनातल्या मनात तिचं हे इतक्या वेळा कुणाकुणाला सांगून झालं होतं.

"ती धावपट्टी मातीची होती. विमान सुटलं की फुफाटा उडायचा आणि कॅमेऱ्याच्या काचांवर बसायचा. म्हणून काचांवर कापडी झाकण बांधायचे, नाड्यांनी घट्ट. ह्यांचं काम काय, तर सायकलवर विमानाच्या मागे पट्टीच्या टोकापर्यंत जायचं, तिथे खाली वाकून झाकण सोडायचं आणि हात वर करून ते वैमानिकाला दाखवायचं. त्याने अंगठा दाखवला की विमान निघायचं. झाकण हातात दिसलं म्हणजे काच उघडी, असा सगळा हिशेब."

"हं."

"त्या आठवड्यात जुनं झाकण विरलं होतं, म्हणून ह्यांनी नवीन शिवलं. नऊ तारखेला वारा फार होता. हे म्हणाले, एकाने भागणार नाही. जुन्यावर नवीन बांधलं. काळजी म्हणूनच. टोकाला गेले, वाकले, एक सोडलं, हात वर करून दाखवलं. तुझ्या वडिलांनी अंगठा दाखवला आणि निघाले."

"आणि जुनं?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"जुनं तसंच. दोन बांधल्याचं ह्यांच्या डोक्यातून गेलं. हात रोज एकच सोडायचे, तर एकच सोडलं." आई पाहुणीकडे वळली. "तुझे वडील पुलावर गेले होते गं. बटणही दाबलं होतं. सगळे फोटो झाकणाचे आले."

पाहुणीने मांडीवरचं पत्रक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"हे चुकून झालं," मधली कशीबशी म्हणाली. "चुकून झालं ना, आई?"

"तेवढं चुकून झालं," आई म्हणाली. "पुढचं ऐक. विमान उतरलं तेव्हा सगळ्यांत आधी हेच खाली गेले. झाकण बघितलं. काढून शर्टात कोंबलं. मग लक्षात आलं, कॅमेरा उघडला की फिल्म सगळी पुढे सरकलेली दिसणार. म्हणजे कॅमेरा चालला होता, काच झाकलेली होती, हे शेंबड्या पोरालाही कळणार. तर ह्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांतली फिल्मची डबीच बदलली. आतली काढून घेतली आणि न वापरलेली, नवी कोरी डबी दिली. कॅमेरा चाललाच नाही, असं दिसावं म्हणून." तिने थोरल्याकडे बघितलं. "विसरणं कुणाकडूनही होतं. डबी ह्यांनी हाताने बदलली."

धाकटा उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर त्या मेळाव्यातले अप्पा होते, काचवाला म्हटलं की कसनुसं हसणारे.

"भिंतीवरच्या फोटोतलं ते जॅकेट तुझ्या वडिलांचं," आई पाहुणीला म्हणाली. "फोटोही त्यांनीच काढलाय. स्वतःच्या अंगातलं काढून ह्यांना घातलं आणि म्हणाले, बायकोला पाठव, खूश होईल. मी झालेही होते. झाकणाचं मला पुढच्या वर्षी कळलं, हा थोरला दोन महिन्यांचा होता तेव्हा. हे एका रात्री भडभडून बोलले, आणि मग आयुष्यात पुन्हा नाही."

वहिनीने आणलेला चहा तसाच निवत होता. मग पाहुणी थोरल्याला म्हणाली, "हे लिहून द्याल?"

थोरल्याने कागद आणि पेन घेतलं. त्याच्या अक्षराची गावभर ख्याती. शाळेतली सगळी मानपत्रं त्याच्या हातची. पण 'माझ्या वडिलांनी फिल्मची डबी बदलली' हे वाक्य त्याला तीनदा खोडून लिहावं लागलं, आणि तिसऱ्यांदाही 'बदलली' वाकडं आलं. खाली त्याने लिहिलं की पत्रकातला मजकूर खोटा आहे आणि तो मी दिलेला आहे. कंपनीलाही हेच पत्र जाईल, आणि शाळेलाही. शाळेचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने सही केली. मधलीने केली, गॅलरीतून येऊन धाकट्यानेही केली. वहिनी म्हणाली, "मी पण करते, मलाही माहीत होतंच की," आणि तिने केली. आईने सगळ्यांत शेवटी, कागदाला नाक लावून, एकेक अक्षर काढत केली.

पाहुणीने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. उठली तेव्हा तिचं अंग जरा हलकं झाल्यासारखं वाटत होतं. ती परत आईपाशी गेली आणि तिचा हात हातात घेतला.

"काकू, तुमचे उपकार झाले," ती म्हणाली. "तुम्ही गप्प राहिला असतात तरी मला काही कळलं नसतं."

तिने उपकार म्हटलं आणि आईला ते सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिने निमूट ऐकून घेतल्या असत्या.

"उपकार म्हणू नकोस," ती म्हणाली. "तुझी आई मला माहीत होती."

"म्हणजे?"

"तळाबाहेरच्या वसाहतीत सकाळी दुधाची रांग लागायची. तुला कडेवर घेऊन यायची ती. तिच्या पुढच्या-मागच्या बायका हातभर अंतर ठेवून उभ्या राहायच्या आणि तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. मी त्याच रांगेत असायचे. तेव्हा सगळं माहीत होतं मला. कानात एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं. दहा वर्षं. तुम्ही ती वसाहत सोडून जाईपर्यंत. आधी भीती होती, ह्यांची नोकरी जाईल, पोरं उघड्यावर पडतील. मग भीती गेली आणि नुसती लाज राहिली. इतके दिवस का नाही बोललीस, असं तिने विचारलं तर काय सांगू, याची लाज."

"आई," थोरला म्हणाला आणि तिच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

पाहुणीने हात सोडला नव्हता. ती वाकून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्हाला तेव्हा चष्मा होता?" तिने विचारलं.

"होता. जाड भिंगांचा."

पाहुणीने हळूच आपला हात काढून घेतला.

"आई सांगायची मला," ती म्हणाली. "रांगेत एक चष्मेवाली होती म्हणे. सगळ्या टोचून बोलायच्या, ती एकटी कधी काही बोलायची नाही. खाली बघून उभी राहायची. आई म्हणायची, त्या सगळ्यांत तेवढी एक चांगली बाई होती."